कपाटातले कोसॅक

अतमान हे काही त्याचं खरं नाव नव्हे. क्लबातल्या टवाळांनी ठेवलेलं. रशियातल्या कोसॅक घोडेस्वारांच्या म्होरक्याला अतमान म्हणतात, आणि याच्याकडे कोसॅकांखेरीज दुसरी फौजच नव्हती, म्हणून हा अतमान. माणूस बघाल तर बुटका, खांदे पडलेले, नखांत कायम प्लास्टर. घोड्यावर बसणं सोडाच, सायकलवर चढतानासुद्धा भिंतीचा आधार घ्यायचा. पण कुणी "काय अतमान!" अशी हाक मारली की छाती दोन बोटं वर यायची. एवढी हौस माणसाला असतेच.

पोटापाण्यासाठी तो दात बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे ठसे पाठवायचे आणि हा शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून त्यांवरून कवळ्या आणि कॅप करायचा. आधी मेणाचा दात कोरायचा. तो प्लास्टरमध्ये पुरायचा, भट्टीत तापवून मेण जाळून टाकायचं, उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा आणि शेवटी प्लास्टर फोडायचं. मेणही गेलं, साचाही गेला. हातात उरला एकच दात, एकाच तोंडाचा. पुन्हा हुबेहूब तसाच करा म्हटलं तर ब्रह्मदेवालाही जमायचं नाही. जन्मभर त्यानं हेच केलं आणि हीच खोड घोड्यांनाही लावली.

घोडे म्हणजे शिशाचे, अंगठ्याएवढे, वर स्वार. क्लबातली मंडळी अठराव्या शतकातल्या लढाया टेबलावर खेळायची. कुणाकडे प्रशियाचं निळं पायदळ, कुणाकडे ऑस्ट्रियाचं पांढरं. चाल मोजपट्टीनं, मरण फाशानं. फौजा दुकानातून आणायच्या आणि घरी रंगवायच्या. गणवेश एकच असल्यामुळे पहिला शिपाई रंगवला की बाकीचे झोपेतही रंगवता यायचे. याला मात्र रशियाच्या फौजेबरोबर आलेले कोसॅक हवे होते, आणि कोसॅकांना गणवेशच नव्हता. घोडा स्वतःचा, कोट स्वतःचा, भाला स्वतःचा आणि टोपी बहुधा दुसऱ्या कुणाची तरी. दुकानवाले त्यांचे तीन नमुने विकायचे. तेच तीन, आलटून पालटून. वर त्यांच्या टाचांना घोड्याला टोचायचे काटे!

"अरे, कोसॅक टाचेला काटे लावतच नव्हते! त्यांच्या मनगटाला चाबूक असायचा, चाबूक!" असा तो क्लबात तावातावानं ओरडायचा. ऐकणारे मान डोलवायचे आणि बिस्किटाची बशी पुढे सरकवायचे.

मग यानं स्वतःच सुरुवात केली. दाताचं मेण, दाताची कोरणी, दाताचीच भट्टी. धातू तेवढा दाताचा परवडेना, म्हणून जुन्या नळांचं शिसं आणलं. दिवसभर लोकांचे दात आणि संध्याकाळी कोसॅक. एक स्वार मांडीखाली लुटलेली रजई घेऊन बसलेला. एक घोड्यावरच कांदा खाणारा. एकाच्या खोगिराला बदक उलटं टांगलेलं, आणि ते मान वळवून स्वाराकडे बघतंय. प्रत्येक जण वेगळा आणि प्रत्येकाचा साचा फुटलेला. अशी वर्षं गेली आणि भिंतीवरच्या फळ्या भरत गेल्या.

खेळात या फौजेला काडीची किंमत नव्हती हे सांगायला हवं. क्लबाच्या नियमांत कोसॅक म्हणजे शेवटच्या दर्जाचे. रांगेत उभ्या पायदळावर ते चालून जाऊ शकत नाहीत. जायचंच म्हटलं तर आधी फासा टाकायचा, आणि फासा बहुतेक वेळा नाहीच म्हणतो. खऱ्या युद्धातही त्यांचं काम तेच होतं. बाजूनं यायचं, टोचायचं, गाड्या जाळायच्या, निरोप्या पकडायचा आणि तोफ वळायच्या आत हातावर तुरी देऊन पसार व्हायचं. अतमानाला याची लाज वाटत नसे. उलट बरंच वाटायचं. समोरासमोर भिडणं त्याच्याही रक्तात नव्हतं. डॉक्टर पैसे थकवायचा तेव्हा हा बोलायचा नाही, नुसतं त्याचं काम मागे ठेवायचा. शेजाऱ्यानं जिन्यात सामान रचलं तर हा अंग चोरून वर जायचा. बायकोनं काही विचारलं की उत्तर ठरलेलं, "बघू." त्या 'बघू'नं त्या बाईचं निम्मं आयुष्य खाल्लं.

आणि याच 'बघू'नं त्याचा थोरला भाऊ तोडला.

थोरला सुतार. हात सोन्याचे आणि डोकं भडक. एका गिऱ्हाइकानं दार करकरतं एवढंच म्हटलं, तर हा गेला, बिजागऱ्या सोडवल्या आणि दार खांद्यावर टाकून परत घेऊन आला. आई त्याच्याकडेच असायची. तिचे गुडघे गेले, थोरल्याच्या घरचा जिना उभा, म्हणून थोरला म्हणाला, "काही महिने तुझ्याकडे ने. तुझी मागची खोली तळाला आहे." मागच्या खोलीत लढाईचं टेबल होतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत, वर हिरवी टेकडी, पूल, जळकं गाव. अतमान म्हणाला, "बघू." पुढच्या महिन्यात म्हणाला, "टेबल हलवायचं म्हणजे सगळंच उकलावं लागेल रे दादा." आई हसून म्हणाली, "राहू दे त्याला. खेळू दे." ती थोरल्याकडेच राहिली, जिना काही तिला पुन्हा उतरता आला नाही, आणि ती तिथेच गेली. सगळं उरकल्यावर माणसांच्या देखत थोरला म्हणाला, "आईला जागा नव्हती. घोड्यांना होती."

त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूनं जायचा. अतमान घरी येऊन म्हणायचा, "आज दादा दिसला होता," आणि मग उगीचच ब्रश धूत बसायचा. खरं सांगायचं तर त्याच्या जिवाला एकच गोष्ट लागली होती. दादानं एकदा घरी यावं. बाकी जगानं काहीही म्हणावं, दादानं एकदा येऊन बसावं.

आणि दादा आला की! कितीतरी वर्षांनी आला. हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. अतमानाची बायको नवऱ्याला न विचारता दवाखान्यात जाऊन आली होती आणि तिथं काय काय बोलली ते तिचं तिला ठाऊक. थोरला बरा झाला, आणि एका रविवारी दारात टेम्पो थांबला. त्यातून कपाट उतरलं. ओकच्या लाकडाचं, पुरुषभर उंच, काचेच्या दारांचं. आत बोटभर अंतरानं फळ्या, आणि सगळीकडे नुसते लाकडात लाकूड बसवलेले सांधे, खिळा औषधालाही नाही. थोरला घाम पुसत म्हणाला, "त्यांना धूळ लागते म्हणे."

बस, एवढंच. 'माफ केलं' नाही, 'चुकलं' नाही, आईचा विषय नाही. अतमानानं दाराला हात लावला. दार असं मिटलं की आतल्या हवेनं हलकासा उसासा टाकला.

"कागदसुद्धा जायचा नाही फटीत," थोरला म्हणाला. "बघ घालून."

अतमानानं कागद घालून बघितला. नाही गेला.

त्या दिवशी दोघा भावांनी मिळून फौज आत मांडली. सगळ्यात वरच्या फळीवर दुकानातून आणलेलं रशियाचं हिरवं पायदळ आणि खाली सगळे कोसॅक. थोरला एकेकाला उचलून विचारायचा, "हा कोण?" अतमान सांगायचा. बदकवाल्याशी थोरला अडकलाच. "आयला, बदक बघतंय रे त्याच्याकडे!" असं म्हणून मोठ्यानं हसला. आईसारखाच हसायचा तो. स्वयंपाकघरात चहा गाळताना बायकोनं पदर डोळ्यांना लावला.

मग दर रविवार ठरून गेला. थोरला यायचा, कपाटासमोर खुर्ची ओढायचा, काचेवरचा एखादा डाग बाहीनं पुसायचा आणि विचारायचा, "आहे का धूळ एक कण तरी?"

"नाही दादा."

"मग!"

पहिला डाग दिसला तो एका घोड्याच्या पोटावर. पांढरा, मिठाच्या कणासारखा. अतमानाला वाटलं, रंग उडाला. त्यानं वर तपकिरी थेंब ठेवला. महिन्याभरात तो थेंब फुगून सुटला आणि खालून पांढरी भुकटी निघाली. मग दुसऱ्याच्या मानेवर. मग एक घोडा पायातच मोडला. धक्का नाही, बुक्का नाही, उभ्या उभ्या फळीवर आडवा झाला. वरच्या फळीवरचं दुकानातलं पायदळ मात्र टुणटुणीत.

क्लबात एक म्हातारा होता, औषधांचं दुकान चालवून निवृत्त झालेला. अतमानानं मोडका पाय डबीत घालून त्याला दाखवला. म्हाताऱ्यानं नखानं खरवडलं.

"कुठं ठेवतोस हे?"

"कपाटात."

"लाकूड कुठलं?"

"ओक. दादानं केलंय."

"दार घट्ट बसतं?"

"कागद जात नाही," अतमान म्हणाला. आणि म्हणाला तेव्हा त्याच्या आवाजात अजूनही अभिमानच होता!

"अरे बाबा," म्हातारा म्हणाला, "ओक आंबट वाफ सोडतं. उघड्यावर असतं तर उडून गेली असती. तू तिला आत कोंडलंस आणि सोबत शिसं ठेवलंस. दुकानातल्या बाहुल्यांत कथील जास्त, ते टिकतं. तुझं शुद्ध शिसं, नळाचं. ते कुजतंय. अजून पुष्कळ वाचतील. आजच्या आज बाहेर काढ सगळे."

अतमान घरी आला. कपाटाची दारं उघडली. एक हात आत घातला आणि थांबला. उद्या परवा रविवार. दादा येणार, रिकामं कपाट बघणार. काय सांगायचं? तुझ्या कपाटानं माझे घोडे खाल्ले? ज्यानं नुसत्या करकरीवरून गिऱ्हाइकाचं दार उचलून नेलं, त्याला?

"सरळ सांगा ना भाऊजींना," बायको म्हणाली. "लाकडाचा दोष. लाकूड त्यांनी थोडंच जन्माला घातलंय?"

"बघू."

"अहो, बघू काय? बघता बघता संपतील ते!"

"तुला दादा माहीत नाही."

"मला दोघंही चांगले माहीत आहेत," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

मग सुरू झाल्या त्याच्या पळवाटा. आधी त्यानं कपाटाची दारं आठवडाभर किलकिली ठेवायला सुरुवात केली. रविवारी लावून घ्यायचा. पण थोरल्याला डॉक्टरनं चालायला सांगितलेलं, तो चालत चालत एका बुधवारी आलाच. "अरे, दार उघडं काय टाकलंस? मग मी केलं कशाला?" असं म्हणून तळहातानं दार मिटवलं. पुन्हा तो उसासा. मग अतमानानं थोडे थोडे स्वार काढून बिस्किटाच्या डब्यात ठेवले आणि उरलेले विरळ मांडले. थोरल्यानं येताच विचारलं, "बदकवाला कुठाय?"

"रंगवायला काढलाय."

"लवकर आण हां परत. त्याच्याशिवाय करमत नाही."

बदकवाला परत कपाटात गेला. दादाला संशय नको म्हणून त्याच्याबरोबर बाकीचेही गेले. भुकटी दिसू नये म्हणून अतमान एकेकावर रंगाचा आणि वॉर्निशचा जाड थर चढवत बसायचा. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं की असं करू नको, आतली कीड आतच कोंडली जाते. कळत होतं त्याला. दातांचं काम जन्मभर केलेला माणूस, किडलेल्या दातावर नुसती कॅप चढवली की काय होतं हे त्याला नाही कळणार तर कुणाला? पण दादा दर रविवारी येत होता. खुर्ची ओढत होता, हसत होता. अतमान मनाशी म्हणायचा, घोडे काय, घोडेच आहेत. आणि मग एकटा असला की काचेला कपाळ टेकवून उभा राहायचा, कारण ते नुसते घोडे नव्हते हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

असं वर्ष गेलं. माणूस मूग गिळून किती दिवस बसू शकतो याचं हे ढळढळीत उदाहरण.

तो रविवार स्वच्छ उन्हाचा होता. थोरला म्हणाला, "बदकवाल्याला जरा खिडकीपाशी बघू दे. हल्ली डोळ्यांना नीट दिसत नाही." अतमान उठेपर्यंत त्यानं दार उघडून स्वाराला चिमटीत धरलंसुद्धा. सुताराची चिमटी ती. वॉर्निशच्या टरफलात आत काही उरलंच नव्हतं. घोडा पिचला. स्वार कमरेत दुमडला, बदक गळून पडलं, आणि थोरल्याच्या तळहातावर राहिली पांढरी भुकटी आणि रंगाचे दोन पापुद्रे.

थोरला हातातल्या त्या भुकटीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा पार उतरला.

"मोडला रे मी," तो म्हणाला. "मोडला. एवढा जोर लावला नव्हता मी... खरंच नव्हता लावला."

आणि अतमान काय म्हणाला असेल? अजूनही वेळ होती. आत्ता तरी! पण त्याच्या तोंडून निघालं, "असू दे दादा. होतं असं."

"असू दे काय? पुन्हा करता यायचा नाही ना तो? तूच म्हणाला होतास." थोरला खाली वाकून फरशीवर बदक शोधू लागला. ऑपरेशन झालेला माणूस, गुडघ्यावर, कपाटाखाली हात घालून. "चिकटवू आपण. माझ्याकडे चांगला गोंद आहे. माझ्या हाताला हल्ली जोर कळत नाही रे, औषधांनी..."

अतमान नुसता उभा होता.

बायकोला मात्र बघवेना. "उठा भाऊजी," ती म्हणाली. "उठा आधी. तुम्ही नाही मोडलंत काही. ते सगळेच आतून असे झालेत. या लाकडाची वाफ शिशाला लागते म्हणे. यांना वर्षभर माहीत आहे."

थोरला फरशीवरच बसून राहिला. मग त्यानं कपाटाकडे मान वळवली, दुसऱ्या फळीवरचा एक स्वार उचलून अंगठ्यानं दाबला. भुकटी. दुसरा. भुकटी. मग थांबला.

"वर्षभर?"

अतमानानं मान हलवली.

"बाहेर काढले असतेस तर वाचले असते?"

"त्या वेळी... बरेचसे."

"मग का नाही काढलेस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

थोरला ओरडेल असं बायकोला वाटलं होतं. तो ओरडला नाही. कपाटाला धरून सावकाश उठला, हात पँटला पुसले.

"आत्ता सुद्धा," तो म्हणाला, "मी जमिनीवर लोळत होतो आणि तू बघत होतास. मीच मोडलं असं समजून मला घरी जाऊ देणार होतास." त्याचा आवाज फाटला. "आईला तू घाबरत नव्हतास, म्हणून तिच्यासाठी एक टेबल हललं नाही तुझ्याच्यानं. मला घाबरतोस, म्हणून ही सगळी फौज मातीत घातलीस. यात माया कुठाय रे? मला वाटलं होतं, तू मला घरात घेतलंस. तू तर दर रविवारी मला नुसतं सांभाळून वाटेला लावत होतास."

"दादा, तसं नाही..."

"मग कसं?"

थोरल्यानं खुर्ची उचलून भिंतीशी जागेवर ठेवली आणि तो गेला. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी अतमानानं कपाट रिकामं केलं. आता काय, आता हवं तेवढं रिकामं करावं! नाकाला फडकं बांधून बायकोनं ओल्या कापडानं भुकटी टिपली, कारण शिशाची धूळ विषारी. वाचलेले कोसॅक एका ताटलीत मावले. त्यानंतर काही रविवार आले, गेले. फोन केला तर वाजत राहायचा. बायकोनं एकदाही 'मी सांगत होते' असं म्हटलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागायचं.

शेवटी एका सकाळी तो दातांचं काम तसंच टाकून उठला आणि थोरल्याच्या कारखान्यावर गेला. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत होता. दादा, मी भित्रा आहे. आईच्या वेळीही भित्राच होतो, टेबल हे निमित्त होतं. मला आजारी माणसाची भीती वाटत होती, ती माझ्या घरात मरेल याची भीती वाटत होती. एवढं सरळ बोलणं त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं, पण आज करणार होता.

कारखान्याचं दार सताड उघडं होतं. आत विजेची करवत चालू होती आणि थोरला फळी पुढे सारत होता. त्यानं मान वर केली. भाऊ दारात उभा आहे हे त्यानं बघितलं, नीट बघितलं. मग पुन्हा मान खाली घातली.

"दादा!" अतमान ओरडला. "चुकलं माझं! आईच्या वेळीही चुकलं!"

त्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू गेलं नाही. तो आणखी जोरात ओरडला. घसा दुखेपर्यंत, घोकून आणलेलं सगळंच्या सगळं ओरडून बोलला. थोरला एक फळी संपली की दुसरी घ्यायचा, दुसरी संपली की तिसरी. मग ढीग संपला. थोरल्यानं दोन्ही हात टेबलावर टेकले आणि तसाच पाठ करून उभा राहिला. कापायला काही उरलं नव्हतं. करवत चालू होती, आणि बंद करायचं बटण त्याच्या हातापाशी होतं.

अतमान बराच वेळ थांबला. मग अंगावर उडालेला भुसा झटकून कामावर परत गेला. एका बाईची कवळी दुपारपर्यंत द्यायची होती.